खतावणी कुणाच्या हाती?

मे महिन्यातल्या एका रविवारी बोईसरच्या आमच्या विहारात वंदना आटोपली आणि लोक दारात चपला शोधू लागले. तेवढ्यात एक गृहस्थ आमच्यापाशी येऊन थांबले. वय पन्नाशीचे, तारापूर औद्योगिक वसाहतीत माल चढवण्या-उतरवण्याचे काम, तेही कंत्राटावर. शेजारी बारावी कॉमर्स पास झालेली मुलगी. "जयभीम भाऊ," ते म्हणाले, "पोरीला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला घ्यायला तयार आहेत. महिना चौदा हजार. ती म्हणते, बी.कॉम. करायचंय. तुम्ही बी.कॉम. झालात. तुम्हीच सांगा, त्यातून मिळतं काय?"

प्रश्न सरळ होता, पण आम्हाला तो लागला. बी.कॉम. होऊन वीस वर्षांवर काळ लोटला आणि आम्ही अजून कारकूनच आहोत, हे त्यांना ठाऊक होते. आम्ही घाईघाईने "शिकू द्या तिला" म्हणालो नि मोकळे झालो. घरी येताना मात्र वाटले, "शिकू द्या" म्हणायला आमचे काय जाते? महिन्याचे चौदा हजार सोडायचे आहेत ते त्या बापाला. त्यांना आणि त्यांच्यासारख्या अनेकांना नीट उत्तर मिळाले पाहिजे, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी आमचेच सांगतो. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी कॉमर्स घेतले ते आवडीने नाही. सायन्सला क्लासचा खर्च, आर्ट्‌सला नोकरी नाही असा समज, म्हणून मधला रस्ता. सकाळची गाडी पकडायची, उमरोळी गेले की पालघर, आणि दांडेकर महाविद्यालयात जाऊन येणाऱ्या वस्तूचे खाते नावे, जाणाऱ्या वस्तूचे खाते जमा, हे पाठ करायचे. रोजकीर्द लिहिली, खतावणी केली, तेरीज जुळवली, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या की मार्क मिळाले. या विद्येचा आपल्या वस्तीशी, आपल्या घरातल्या पगारपत्रकाशी काही संबंध आहे असे कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. डिग्री म्हणजे खुर्ची, एवढेच डोक्यात होते. खुर्ची मिळाली. त्यापुढचे आम्हाला उशिरा कळले, आणि ते दोन प्रसंगांतून कळले.

एका वहीचा हिशेब

आमच्या वस्तीतला एक तरुण. वडील कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटीतले दोन लाख हाताशी राहिले. "काका, नोकरी किती दिवस मागायची? आपणच चार जणांना काम देऊ," असे म्हणून त्याने वसाहतीतल्या एका कारखान्यात मजूर पुरवण्याचे कंत्राट घेतले. बारा माणसे, बहुतेक आपल्याच वस्तीतली. आम्हाला अभिमान वाटला. विहारात त्याचा सत्कार झाला, पुष्पगुच्छ आम्हीच दिला.

दीड वर्षात तो कर्जात रुतला. दारू नाही, जुगार नाही, कामात कुचराई नाही. "माणूस तर दिवसरात्र राबतो, मग पैसा जातो कुठे?" असे त्याची आई विचारू लागली, तेव्हा आम्ही त्याची वही घेऊन बसलो. आकडे वाचकांना सोपे जावेत म्हणून थोडे गोल करून देतो.

बारा माणसांची मजुरी महिना १,८०,०००. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय मिळून सुमारे २९,०००. त्याचा स्वतःचा नफा शेकडा आठ, म्हणजे सुमारे १७,०००. बिल झाले २,२६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ४१,०००. इथपर्यंत सगळे झकास. पण कारखाना पैसे देणार तीन महिन्यांनी. मजुरी सात तारखेच्या आत द्यावी लागते, पीएफ पंधरा तारखेला, जीएसटी वीस तारखेला. सरकार काही तुमचे बिल निघेपर्यंत थांबत नाही. म्हणजे दर महिन्याला अडीच लाख खिशातून बाहेर, आणि तीन महिन्यांचे साडेसात लाख कायमचे अडकलेले. वडिलांचे दोन लाख सोडले तर साडेपाच लाख त्याने सावकारीने उचलले होते, शेकडा तीन दराने. त्याचे महिन्याचे व्याज १६,५००.

नफा सतरा हजार, व्याज साडेसोळा हजार. बारा माणसांचा पोशिंदा म्हणून ज्याचा आम्ही सत्कार केला, तो महिना पाचशे रुपयांवर राबत होता. आणि बिलातून कारखाना १ टक्का टीडीएस कापत होता तो वेगळाच. रिटर्न भरले असते तर तो परत मिळण्याजोगा होता, पण त्याने रिटर्न कधी भरलेच नव्हते.

"शेकडा तीन" म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो गप्प झाला. त्याच्या डोक्यात तीनच होते. बँकेचे कर्ज वर्षाला बारा टक्क्यांनी मिळाले असते तर तेच व्याज साडेपाच हजारांत भागले असते. २०१५ पासूनची मुद्रा योजना अशाच लोकांसाठी आहे, तारणाशिवाय. पण बँकेचा मॅनेजर ताळेबंद आणि पुढच्या वर्षाचा अंदाज मागणार, आणि याच्याकडे होती एक शंभर पानी वही.

त्याला आणखी एक गोष्ट माहीत नव्हती. २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा झाला. नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात; करारात नव्वद दिवस लिहिले असले तरी ते चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही दरमहा चढणारे. २०१७ पासून 'समाधान' नावाच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी, ती फुकट होते. कायदा चांगला आहे. पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार, हे कायद्यात लिहिलेले नाही, आणि लहान कंत्राटदार गप्प बसतो तो याच भीतीने. हेही आपण मान्य केले पाहिजे.

कोंडीत सापडलेल्या या मुलाने मग जे केले ते पुढे सांगू.

बाबासाहेबांचे कॉमर्स

बाबासाहेब म्हटले की आपल्याला संविधान आठवते, महाडचे तळे आठवते. ते कॉमर्सचे मास्तर होते हे आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा सुरू केला होता. सल्लागार कोण, कुठल्या जातीचा, हे कळले तशी गिऱ्हाइके तुटली आणि धंदा बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज १९१३ चे, आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय. पगार ४५० रुपये. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये असा आक्षेप तिथेही निघाला. पण त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही येऊन बसू लागली. त्या पगारातून पै-पै वाचवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. पुढे बॅरिस्टर झाल्यावरही १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय काढले, ते नुसते कारकून तयार व्हावेत म्हणून काढले असेल असे आम्हाला वाटत नाही.

१९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या काळी सगळे म्हणत होते की शेताचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने? जमीन, भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण जुळले तर लहान तुकडाही परवडतो, आणि भांडवल नसेल तर मोठाही बुडतो. आमच्या त्या तरुणाची वही पाहताना आम्हाला हाच निबंध आठवत होता. बारा माणसे जास्त नव्हती नि कमीही नव्हती. खेळते भांडवल नव्हते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. "कल्पना सरोज कुठे बी.कॉम. होत्या?" खरे आहे. शाळा सातवीपर्यंत, अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली आपली बाई, आणि २०१३ साली पद्मश्री. त्यांची कामानी ट्यूब्ज आज आपल्याच पालघर जिल्ह्यात, वाड्याला आहे. पण त्या कारखान्याची आधीची गोष्ट लोक विसरतात. कुर्ल्याचा हा कारखाना सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १९८८ मध्ये कामगारांच्याच मालकीचा झाला होता. कामगारांकडे हात होते, यंत्रे होती, मालकीही आली. तरी कारखाना आजारी पडला, कारण बँक, बाजार आणि कर्ज हाताळणारे कुणी उरले नाही. कल्पनाताईंनी २००० नंतर लक्ष घातले ते बँक, कायदा आणि बाजार जाणणारी माणसे गोळा करून. कर्जात मूळ रक्कम किती आणि दंड-व्याज किती हे वेगळे काढले, आणि दंड-व्याज माफ करून घेतले. स्वतः शिकल्या नव्हत्या, पण शिकलेल्यांकडून काय करून घ्यायचे ते त्यांना पक्के कळत होते. अशी एखादीच असते. बाकीच्यांनी शिकलेले बरे.

गाळाची पावती

आता दुसरा प्रसंग, आणि हा आमच्या स्वतःच्या लाजेचा आहे.

२००८ च्या सुमारास आम्ही वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात हिशेब विभागात होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. तिथून निघणारा घातक गाळ तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात पाठवायचा असा नियम. तळोजे बोईसरहून शंभर किलोमीटरच्या वर. एकदा वाहतुकीची व्हाउचरे आमच्या टेबलावर आली. गाडीचा नंबर होता, तारीख होती, रक्कम होती. रक्कम पाहून आमच्या लक्षात आले, की एवढ्या भाड्यात गाडी मनोरचा नाका गाठून परत येईल, तळोज्याला कधीच जाणार नाही. केंद्राची पोचपावतीही जोडलेली नव्हती.

लेखापरीक्षणाच्या पेपरात आम्हाला चांगले मार्क होते. पुराव्याशिवाय खर्च मान्य करू नये, हे त्यात पहिल्याच धड्याला होते. आम्ही साहेबांना विचारले. ते म्हणाले, "तुम्ही बेरीज तपासा." घरी दोन वर्षांचे मूल होते, खोलीचे भाडे होते. आम्ही बेरीज तपासली. ती बरोबर होती. आम्ही सही केली.

तो गाळ कुठे ओतला गेला ते आम्हाला कळले नाही. पण या सगळ्या वसाहतीचे पाणी शेवटी कुठे जाते ते इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. नवापूरच्या समुद्रात. दांडी, उच्छेळी, नांदगाव, मुरबे इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे ओरड केली. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. २०१८ च्या पाहणीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक वसाहतींना गुण दिले, त्यात आपले तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिले आले. प्रदूषणात. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितली. प्रत्यक्षात किती वसूल झाली हा वेगळा विषय.

आम्हाला इथे फक्त कॉमर्सचे बोलायचे आहे. तळोज्याला न पाठवलेल्या गाडीचे भाडे कारखान्याच्या नफ्यात दिसले. पण खर्च नाहीसा झाला नव्हता, दुसऱ्याच्या खात्यावर गेला होता: कोळणीच्या रिकाम्या टोपलीवर, सालवड-कुंभवलीच्या विहिरींवर, आपल्या मुलांच्या खोकल्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ साली शाश्वत विकासाची व्याख्या केली, की आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला हात लावू नये. व्याख्या चांगली आहे. पण पुढच्या पिढीच्या वाट्याला हात लागतो तो भाषणात नाही, असल्या एखाद्या व्हाउचरावर लागतो, आणि त्यावर सही करणारा बहुधा आमच्यासारखाच बी.कॉम. असतो. आमच्या वेळी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला पर्यावरणाचा पेपर होता आणि हिशेबाचाही. दोन्ही एकाच आठवड्यात दिले, पण दोघांची गाठ काही कुणी घालून दिली नाही.

एकट्या कारकुनाने काय करावे? आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आज एवढे सांगू शकतो, की पोचपावती नसेल तर तसा शेरा मारून कागद वर पाठवता येतो. शेरा पुसता येत नाही.

पुढचे दिवस मोठ्या आकड्यांचे आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, खर्च ७६,२२० कोटी. बुलेट ट्रेनचे स्टेशन बोईसरला येते आहे. बंदराला किनाऱ्यावरच्या लोकांचा विरोध आहे आणि त्यांची भीती आम्हाला खरी वाटते. पण काहीही झाले तरी कामे निघणार, कंत्राटे निघणार. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी, आणि त्यात आपल्या तारापूरचे अणुवीज केंद्र चालवणारी कंपनीही आली, आपल्या खरेदीतला ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यावा असे धोरण २०१२ पासून आहे. अनेक वर्षे हे चार टक्के गाठलेच गेले नाहीत. दोष कंपन्यांचा आहेच. पण निविदा भरता येणारे, हिशेब चोख असलेले आपले उद्योजक त्या दारात किती उभे होते, हेही विचारावे लागेल.

रविवारचा वर्ग

जूनपासून आम्ही विहारात रविवारी दुपारी हिशेबाचा वर्ग घेतो. सात-आठ मुले, एक फळा. पहिल्या दिवशी सांगितले, पुस्तक आणू नका, घरातले कागद आणा: विजेचे बिल, वडिलांची पगाराची स्लिप, बचत गटाची वही. मे महिन्यातली ती मुलगीही आली. वडिलांची स्लिप घेऊन आली आणि मोबाइलवर त्यांच्या पीएफचे पासबुक काढून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, स्लिपवर दर महिन्याला अठराशे कापलेत. पासबुकात पाच महिने काहीच नाही."

दाराशी तो तरुण कंत्राटदार बसला होता. आम्हीच आग्रहाने त्याला वर्गाला बोलावले होते. मुलीचे वडील त्याच्याच बारा माणसांतले.

"बिल आलं असतं तर भरला असता, काका," तो म्हणाला. वर्ग शांत झाला.

पुढच्या रविवारी वडील आले, बाकीचेही आले. आवाज चढले, एक-दोघे अंगावर धावून गेले. मग मुलीने फळ्यावर हिशेब मांडला. बारा जणांचा, दोन्ही वाटे धरून, पाच महिन्यांचा न भरलेला पीएफ २,१६,०००. कारखान्याकडे अडकलेली तीन बिले, जीएसटी धरून ८ लाख. कारखान्याने आपला खर्च याच्यावर ढकलला, याने तो या बारा घरांवर ढकलला. त्याची चूक माफ होत नाही. मजुराच्या पगारातून कापलेला पैसा न भरणे हा गुन्हाच आहे, आणि आम्ही त्याला ते सगळ्यांसमोर सांगितले. पण कंत्राटदाराने पीएफ बुडवला तर मूळ कारखान्यावरही जबाबदारी येते, हेही कायद्यात आहे.

'समाधान'वर तक्रार करावी की नाही, यावर दोन तास बोलणे झाले. तक्रार केली तर ऑर्डर जाईल आणि बारा जणांचे काम जाईल. शेवटी ठरले, की आधी कारखान्याला लेखी पत्र द्यायचे: ४५ दिवसांच्या कायद्याचा उल्लेख करून, पीएफच्या जबाबदारीची आठवण देऊन, पंधरा दिवसांची मुदत घालून. मसुदा आम्ही सांगितला, अक्षर मुलीचे. पोच घेतली.

मुलीने बी.कॉम.ला प्रवेश घेतला आहे. नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तेव्हा पालकांनी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, तहसीलला ऐनवेळी रांग असते. त्या तरुणाची वही आता तीच लिहिते, रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. त्याचे तो तिला महिना दोन हजार देणार आहे. पॅकिंगचे चौदा हजार नाहीत, हे तिच्या वडिलांनी आम्हाला दोनदा ऐकवले.

कारखान्याचे उत्तर अजून आलेले नाही. पंधरा दिवसांतले नऊ दिवस गेले आहेत.